गळकी ॲल्युमिनियम होडी: आधी ठोका, मग चिकटवा

आमची होडी चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, १९७०च्या दशकातली. विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं, "थोडं पाणी येतं, उपसत राहायचं." पहिल्याच रविवारी दोन तासांत मागच्या बाकाखाली घोट्याएवढं पाणी साठलं आणि मुलीने पोळीभाजीचा डबा रिकामा करून त्यानेच उपसायला सुरुवात केली. मासा एकही मिळाला नाही. घरी आल्यावर मी जे केलं तेच बहुतेक जण करतात: दुकानातून सिलिकॉनची नळी आणली आणि दिसेल त्या फटीत पिळली. पुढच्या रविवारी पाणी तेवढंच, वर सिलिकॉनच्या सालीही पाण्यात तरंगत होत्या.

त्यानंतर शेजारच्या आजोबांनी मला शहाणं केलं. त्यांनी आयुष्यभर अशाच होड्या वापरल्या आहेत. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात, आणि विस्कॉन्सिन-मिशिगनकडेही, घरोघरी गॅरेजमागे अशी एखादी होडी उलटी पडलेली दिसते. दुसरं महायुद्ध संपलं आणि विमानांसाठी तयार झालेलं पत्रा-रिव्हेटचं कसब मोकळं झालं. विमानं बनवणाऱ्या ग्रमनने ॲल्युमिनियमच्या कॅनू (वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होड्या) काढल्या. आमच्याच राज्यात १९४६ला ॲल्युमाक्राफ्ट आणि १९४८ला लुंड या होड्या बनवणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या, लुंड तर न्यूयॉर्क मिल्स नावाच्या गावात (नावावर जाऊ नका, टीचभर गाव आहे). त्या जमान्यातल्या होड्या अजून चालतात, कारण त्यांचा पत्रा सहसा सडत नाही. सैल होतात ते सांधे.

रिव्हेट म्हणजे दोन पत्रे चिमटीत धरणारा खिळा. कढईचा कान जसा ठोकून बसवलेला असतो, तसाच. चाळीस-पन्नास वर्षं लाटांचे दणके, ट्रेलरवरचे धक्के आणि हिवाळ्यात सांध्यात गोठून फुगणारं पाणी सोसल्यावर ती चिमटी ढिली पडते. मग पाणी रिव्हेटच्या कडेने नाहीतर दोन पत्र्यांच्या मधून आत येतं. आमच्या हर्णैकडच्या लाकडी होडीला फटीत कापूस ठोसून वर राळ-तेल लावतात. पुढचं काम लाकूड स्वतःच करतं, कारण ते पाण्यात फुगतं आणि फट मिटते. ॲल्युमिनियम फुगत नाही. चिमटी सैल असेल तर वरून काहीही थापा, होडी लाटेवर वाकली की तो थर फाटणारच. म्हणून क्रम असा: गळती शोधायची, रिव्हेट घट्ट करायचे, घट्ट होत नाहीत ते बदलायचे, आणि सर्वांत शेवटी चिकटवायचं.

सुरुवात बुचापासून

हसू नका. होडीत साचलेलं पाणी सोडायच्या भोकाला बूच असतं. मिनेसोटात तळ्यावरून निघताना ते काढून पाणी सोडणं कायद्याने बंधनकारक आहे, झेब्रा मसल या शिंपल्यासारख्या उपऱ्या जीवांचा एका तळ्यातून दुसऱ्यात प्रसार होऊ नये म्हणून. त्यामुळे पुढच्या वेळी बूच लावायचं विसरणं हा राज्याचा आवडता खेळ आहे. पण लावलेलं बूचही गळतं. त्याचं रबर कडक होतं, चिरतं. आणि बूच ज्या नळीत बसतं ती पुष्कळदा पितळेची असते. पितळ आणि ॲल्युमिनियम ओलसर जागी एकमेकांना चिकटून राहिले की झिजतं ते ॲल्युमिनियम. नळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर नळी काढून ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची बसवा. माझं निम्मं पाणी इथूनच येत होतं. म्हणजे सिलिकॉनची नळी आणायच्या आधी दहा मिनिटं वाकून बघितलं असतं तर!

होडी रिकामी करा, अगदी तळापर्यंत

बाकाखालचं सामान, फळ्या, गालिचा सगळं काढा. आमच्या होडीत फळीखाली काळवंडलेला एक सेंट (नाणं) सापडला. तो उचलला तर खाली पत्र्यात त्याच आकाराचा पांढरट खड्डा. १९८२च्या आधीचा अमेरिकन सेंट ९५ टक्के तांब्याचा असायचा, आणि तांबं, ओल व ॲल्युमिनियम एकत्र आलं की एक छोटी बॅटरीच तयार होते. तळाशी पडून राहिलेली नाणी, शिशाची वजनं, गंजके गळ हे सगळं याच माळेतलं. वेचून काढा.

बाकाखालचा फोमही तपासा. जुना फोम पाणी पिऊन जड होतो आणि पत्र्याला सतत ओला ठेवतो. ओला असेल तर काढा, पण जागा रिकामी ठेवू नका. होडी पाण्याने भरली तरी बुडू न देणारा तोच असतो. त्याजागी बंद छिद्रांच्या निळ्या किंवा गुलाबी पॉलिस्टायरीनच्या पाट्या कापून बसवा. मात्र पेट्रोलने त्या विरघळतात, तेव्हा टाकीजवळ नकोत.

पाणी आतून भरा

गळती बाहेरून आत येते, पण शोधताना उलटं करायचं. होडी ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचं आणि खाली वाकून थेंब कुठून पडतात ते बघायचं. यात एक धोका आहे. सव्वा मीटर रुंद, तीन मीटर लांब तळावर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे पावणेचारशे किलो वजन. ट्रेलरच्या दोन-चार रोलरवर ते सगळं आलं तर पत्रा दबतो आणि नवीच गळती तयार होते. म्हणून कण्याखाली (तळाच्या मधोमध लांबीने जातो तो) आणि मोटर लटकते त्या मागच्या पाटीखाली लाकडाचे ठोकळे सरकवून आधार द्या, ट्रेलरच्या चाकांना उटी लावा आणि दहा सेंटिमीटरच्या वर जाऊ नका. आधी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उंच करून मागचा भाग तपासा, ते पाणी सोडून दिल्यावर मागचा भाग उंच करून पुढचा.

पहिला थेंब दिसला की तिथेच गळती आहे असं समजू नका. पाणी सांध्याच्या बाजूने हातभर सरकून मग टपकतं. फडक्याने पुसा आणि ओल सर्वांत आधी कुठे उमटते ते बघा. पाच मिनिटं थांबून होडी काठावर धरून हलकेच हलवा. काही रिव्हेट उभ्या होडीत कोरडे असतात आणि पत्रा वाकला की थुंकतात.

खुणा शाईच्या मार्करने करा, शिसपेन्सिलने नको. पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमवर तेच करतं जे त्या सेंटने केलं. मी सैल रिव्हेटला गोल, सांध्याला रेघ आणि चिरेला फुली अशी पद्धत ठेवली. एकूण निघाले तेवीस गोल, दोन रेघा, एक फुली. बहुतेक गोल कण्याच्या ओळीत आणि मागच्या पाटीच्या कोपऱ्यात. मोटर तिथेच लोंबते, आणि काठावर होडी ओढताना खडे तिथेच घासतात.

आता पाणी सोडा आणि होडी तीन दिवस वाळू द्या. हे तीन दिवस चुकवू नका. सांध्यात राहिलेलं पाणी नंतर चिकटद्रव्याला आत शिरू देत नाही.

सैल रिव्हेट ठोकणं

हे दोघांचं काम आहे. एक जण बाहेर, होडीखाली, एक आत. बाहेरच्याने रिव्हेटच्या डोक्यावर दोनेक किलोचा लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. आतल्याने रिव्हेटच्या आत आलेल्या टोकावर, म्हणजे शेपटीवर, गोल तोंडाच्या हातोडीने ठोके द्यायचे. ठोकळ्यावर आम्ही प्लास्टिकच्या चिकटपट्टीचे दोन थर लावले होते, म्हणजे डोक्यावर वण पडत नाहीत.

बायको खाली, मी आत. पहिल्या रिव्हेटला मी तीन ठोके मारले तर आवाज पत्रा वाजल्यासारखा. खालून ती म्हणाली, "अरे, मी अजून लावलाच नाहीये!" तेव्हापासून नियम ठरला: तिने "हं" म्हटल्याशिवाय ठोका नाही. ठोकळा जागेवर नसताना ठोका मारला तर रिव्हेट घट्ट होत नाही, उलट बाहेर ढकलला जातो आणि भोक मोठं होतं. सैल रिव्हेटचा आवाज बद्द येतो. तो बसला की तोच ठोका भरीव, टणक लागतो. पाच-सहा रिव्हेटनंतर कानाला फरक कळतो. पुण्याच्या तांबट आळीतून लहानपणी चालत गेलो होतो, त्या आवाजाची आठवण झाली. इतक्या वर्षांनी त्याचा अर्थ लागला.

तीन-चार दमदार ठोके पुरतात. वीस हलके ठोके देऊ नका. ॲल्युमिनियम मार खाऊन कडक होतं आणि मग शेपटीची कड चिरते. हवेची हातोडी असेल तर काम भराभर होतं, पण दाब अगदी कमी ठेवून आधी भंगार पत्र्यावर हात बसवा. कानांना संरक्षण हवंच, बंद गॅरेजमध्ये तर नक्कीच.

तेवीसपैकी सतरा रिव्हेट इथेच बसले. खर्च शून्य.

जे बसत नाहीत ते बदला

ज्याचं डोकं झिजलंय, शेपटी चिरलीय किंवा जो बोटाने फिरतो, तो काढायचा. डोक्याच्या मधोमध पंचने खूण करा, दांड्याहून किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीएवढं भोक पाडा आणि छिन्नीच्या हलक्या टिचकीने डोकं उडवा. उरलेला दांडा आतल्या बाजूला पंचने ढकला. घाईघाईत ड्रिल आरपार घातलं तर भोक वाकडं होतं आणि दांड्याबरोबर पत्रा खाल्ला जातो.

मापाची गंमत अशी की इथले इंच आणि आपल्या कारखान्यातले सूत (इंचाचा आठवा भाग) अगदी जुळतात. माझ्या होडीतले बहुतेक रिव्हेट दीड सूत, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर जाड. त्यांना भोक ४.९ मि.मी.च्या आसपास लागतं. लांबीचा हिशोब: जेवढी जाडी धरायची ती, अधिक रिव्हेटच्या जाडीची दीडपट. समजा १.६ मि.मी.चे दोन पत्रे आणि २ मि.मी.ची बरगडी (तळाला आतून आधार देणारी आडवी पट्टी), मिळून ५.२. त्यात ७.१ मिळवले की १२.३, म्हणजे अर्ध्या इंची रिव्हेट. आखूड घेतला तर शेपटी पुरती फुलत नाही, लांब घेतला तर ठोकताना वाकतो. नीट बसलेल्या रिव्हेटची शेपटी दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच दिसते. भोक लंबगोल झालं असेल तर एक माप वरचा रिव्हेट घ्या.

रिव्हेट भरीव आणि होडीच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचेच घ्या. जिथे आतून हात पोचत नाही, उदाहरणार्थ बंद बाकाखाली, तिथे एकाच बाजूने बसवता येणारा पॉप रिव्हेट चालतो, पण बंद तोंडाचाच. साध्या पॉप रिव्हेटच्या पोटात आरपार भोक असतं. तो बसवणं म्हणजे नवीन गळती विकत घेणं. मधली खीळही ॲल्युमिनियमची बघा, लोखंडाची गंजते.

बसवण्याआधी भोकाच्या कडा साफ करून प्रत्येक रिव्हेट पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवा. मी थ्रीएमचं ५२०० वापरलं. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, पुरतं आवळायला आठवडा घेतं, आणि नंतर काढायचं म्हटलं तर रडवतं. म्हणून जे पुन्हा उघडावं लागेल तिथे, म्हणजे मासे शोधायच्या सोनार यंत्राचा सेन्सर वगैरे, त्यांचंच ४२०० वापरा. सिलिकॉन कुठेच नको. त्याचा पुसट थर राहिला तरी त्यावर पुढचं काही चिकटत नाही. माझ्या पहिल्या रविवारच्या पराक्रमाची शिक्षा म्हणून दोन संध्याकाळी ते प्लास्टिकच्या पातीने खरवडत बसलो होतो.

सांधे भरणं

रिव्हेट घट्ट झाल्यावरही लांबलचक सांध्यातून थोडं झिरपतंच, विशेषतः मागच्या पाटीच्या कडेने. यासाठी पातळ, लवचीक इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारं चिकटद्रव्य. अमेरिकेत ग्लुविट आणि जी-फ्लेक्स या दोन्हींची चलती आहे. मी जी-फ्लेक्स घेतलं, कारण त्याचे दोन भाग समान मापात मिसळायचे असतात, हिशोब चुकत नाही. साधं कडक इपॉक्सी नको. पत्रा वाकला की ते काचेसारखं तडकतं.

इपॉक्सी होडीच्या आतून लावायचं. बाहेरचा थर खडे आणि रोलर खरवडून टाकतात. सांधा स्टेनलेस ब्रशने चकचकीत करा (लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूल बाद, त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि गंजतात). ॲसिटोनने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. गॅरेजचं दार उघडं, हातात नायट्राइलचे मोजे, आणि आसपास विस्तव नाही.

आता ज्या गोष्टीमुळे सगळं जमलं ती. ॲल्युमिनियम घासलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि इपॉक्सी पत्र्याऐवजी त्या पापुद्र्याला चिकटतं. म्हणून इपॉक्सीचा पहिला पातळ हात लावून, तो ओला असतानाच त्यातून पुन्हा ब्रशने घासायचं. पापुद्रा इपॉक्सीच्या आतच निघतो, हवा पोचत नाही. इपॉक्सी करडं दिसायला लागलं की बरोबर चाललंय.

त्याआधी सांधा हीटगनने तापवून घ्या. हात ठेवता येईल पण ठेवून बसवणार नाही, एवढाच. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच हीटगन हातात घ्यायची, हे पुन्हा सांगतो. गरम पत्र्यावर इपॉक्सी तेलासारखं पातळ होऊन पसरतं, आणि पत्रा निवताना ते फटीत ओढलं जातं. मी खालून बॅटरी धरून बघत होतो. एका जागी सांध्याच्या बाहेरच्या बाजूला इपॉक्सीची बारीक कड उमटली, म्हणजे ते आरपार पोचलं. उष्णतेने ते लवकर आवळतंही, म्हणून एका वेळी चहाच्या अर्ध्या कपाहून जास्त कालवू नका. आणि हे सगळं रिव्हेटचं काम संपल्यावरच. इपॉक्सीखाली गाडलेला सैल रिव्हेट नंतर काढणं म्हणजे नसता ताप.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, तेव्हा वरून ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर आणि रंग द्या. तांबं असलेला तळाचा रंग मात्र चुकूनही नको.

चिरा आणि खड्डे

चीर बहुधा बरगडी जिथे संपते तिथे किंवा बाकाच्या कडेला असते. दोन्ही टोकांना एक सुताचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. टोक नेमकं कुठे आहे ते भिंगाने बघा; डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे दोनेक मिलिमीटर ते असतंच. मग ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियमच्या, मूळ पत्र्याच्याच जाडीच्या तुकड्याचं ठिगळ, कोपरे गोल करून, चिरेपलीकडे सगळीकडून किमान एक इंच जाईल असं. खाली सीलंटचा भरपूर थर. रिव्हेट ठिगळाच्या कडेपासून दहा मिलिमीटर आत आणि एकमेकांपासून साधारण पाऊण ते एक इंच. घरांच्या छपराला लावतात तो पातळ पत्रा किंवा लोखंडी पत्रा वापरू नका.

त्या सेंटाने केलेल्या खड्ड्यात मी टोच्या दाबून बघितला. आरपार गेला नाही, म्हणून घासून इपॉक्सीने भरला. गेला असता तर ठिगळच.

"वेल्डिंग करून टाक" असं सांगणारे भेटतील. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याचा ऑक्साइड दोन हजारांच्या वर. पातळ जुन्या पत्र्यात वर्षानुवर्षांचं तेल, सीलंट, रंग मुरलेला असतो. मुरलेल्या हाताचा वेल्डरही अशा रिव्हेटच्या सांध्याला नाही म्हणतो, आणि जो लगेच हो म्हणेल त्याच्याकडे मी जाणार नाही.

मागची पाटी

मोटर लटकते त्या पाटीत आत प्लायवूड असतं. टिचकी मारा, पोकळ, भिजका आवाज आला तर ते कुजलंय. मग बोल्टची भोकं कितीही भरा, मोटर हलेल तशी ती पुन्हा उघडणार. नवं प्लायवूड घालताना वाळवी-बुरशीविरोधी हिरवट रसायन मुरवलेलं घेऊ नका. त्यात तांबं असतं. साधं बाहेरच्या वापराचं किंवा मरीन प्लायवूड घ्या, सगळ्या कडांना आणि भोकांच्या आतूनही इपॉक्सी द्या. बोल्ट स्टेनलेसचे, सीलंट लावून.

पुन्हा पाण्यात

आठवडाभर थांबून पुन्हा आतून पाणी भरून बघा, मग तळ्यावर जा. मोटर न लावता होडी उथळ पाण्यात तासभर बांधून ठेवा आणि प्रत्येक दोन बरगड्यांच्या मध्ये टिश्यूपेपरचा एकेक चौकोन ठेवा. ओला कुठला होतो ते लगेच कळतं. आमचे अकरा कोरडे निघाले. बारावा, उजव्या कोपऱ्यातला, मागच्या पाटीलगतचा, संध्याकाळपर्यंत एका बाजूने ओलसर झाला. दिवसाला चहाचा एखादा कप पाणी येत असेल. तेवढ्यासाठी चांगले बसलेले रिव्हेट उखडायचे नाहीत असं आजोबा म्हणाले. मी तो कोपरा तसाच ठेवलाय, आणि तिथे एक स्पंज.